नऊशे तीसच्या खाली

तिरकी उभी असलेली पोलादी सळई आपण होऊन आडवी झाली आणि फरशीवर खणकन् आपटली. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. त्यांनी आधी हातातला खडू खाली ठेवला.

वीज गेल्याचं पॉटरूममध्ये असंच कळायचं. दिवे जात नसत, दिव्यांना डिझेलचं जनित्र होतं. पण पॉटांमधून वाहणारा प्रवाह एवढा दांडगा होता की त्याच्या चुंबकानं सळया तिरक्या उभ्या राहत, खिशातल्या किल्ल्या कापड ओढत आणि मनगटावरची घड्याळं आठवड्याभरात मान टाकत. तो प्रवाह थांबला की लोखंड पुन्हा साधं लोखंड होई. आणखी एक सळई पडली, मग लांब कुठंतरी एक फावडं. त्यानंतर जी शांतता पसरली, ती अंगावर येणारी होती. कान अठ्ठावीस वर्षं ज्या घुमण्यात राहिले, ते घुमणं कुणी दार लावावं तसं बंद झालं होतं.

"किती वाजले बघ," मास्तर म्हणाले.

पहिलवान कार्यालयाच्या काचेतून भिंतीवरचं घड्याळ बघून आला. "नऊ चाळीस."

मास्तरांनी खडू उचलून फळ्यावर वेळ लिहिली. त्यांचं अक्षर शाळेतल्या गुरुजींसारखं वळणदार होतं, म्हणून तर हे नाव पडलं होतं. खरं म्हणजे ते पाळीचे मुख्य होते आणि शाळेशी त्यांचा संबंध सातवीतच संपला होता. पहिलवान त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या नावात काही थट्टा नव्हती. उभ्या आयुष्यात त्यानं खरोखरच दोन माणसांचं काम केलं होतं.

समोर एकशे वीस पॉट दोन रांगांत उभे होते. पॉट म्हणजे खोलीएवढी पोलादी पेटी, आतून कोळशाचं अस्तर, आणि त्यात नऊशे साठ अंशांवर वितळलेला खारट रस. पांढरी पूड त्या रसात विरघळायची, तिच्यातून वीज जायची आणि तळाशी ॲल्युमिनियम साचायचं. सगळे पॉट एकाच माळेत ओवलेले, त्यामुळे वीज गेली की सगळ्यांचीच जाई. मग रस निवू लागे. अर्धा तास, तासभर काही बिघडत नसे. तीन तासांपर्यंत जीव मुठीत धरून बसता येई. चार तासांत रस दगड होई, आणि तो दगड बाहेर काढायला फक्त हातोडा होता.

बावीस वर्षांपूर्वी असे साठ पॉट गोठले होते. हवेच्या दाबावर चालणारे हातोडे घेऊन माणसं पॉटांत उतरली आणि आठ महिने तो दगड फोडत राहिली. पहिलवानाचा डावा कान तेव्हा गेला. निम्म्या लोकांना घरी बसावं लागलं, त्यातले बरेच गाव सोडून गेले ते पुन्हा आले नाहीत.

तसं पाहिलं तर या कारखान्याचं इथं काहीच नव्हतं. पांढरी पूड जहाजानं यायची, कोळसा दुसऱ्या जहाजानं, आणि तयार धातूही जहाजानंच निघून जायचा. इथली होती ती फक्त वीज. नव्वद किलोमीटरवर डोंगरात धरण बांधलं, तिथून मनोऱ्यांवरून तारा आणल्या, आणि त्या तारा जिथं संपल्या तिथं कारखाना उभा केला. जुने लोक म्हणायचे, कारखाना विजेकडे घरजावई आलाय; सासू रुसली की उपास.

मास्तरांनी फोन उचलला. तो थेट उपकेंद्रात वाजायचा.

"उपकेंद्र," पलीकडून आवाज आला.

"पॉटरूम. प्रवाह शून्य. सगळ्यांत थंड पॉट नऊशे अठ्ठावन्न."

"नऊशे अठ्ठावन्न. नोंदलं. दोन्ही लाइनी गेल्या आहेत. चौकशी करून कळवते."

बाईंचा आवाज सपाट, घाई नसलेला. सगळा कारखाना त्यांना बाई म्हणे, आणि त्या मास्तरांच्या बायको होत्या. या फोनवरचं सगळं बोलणं यंत्रात साठवलं जायचं, म्हणून गेली एकोणीस वर्षं या तारेवर ती दोघं एकमेकांना पॉटरूम आणि उपकेंद्र म्हणत आली होती. एकदा जेवताना मास्तर चुकून तिला "नोंदलं" म्हणाले होते, आणि ती हसता हसता ठसका लागून उठून गेली होती. पण एरवी बाई तशा हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या एकदा नाही म्हणाल्या की घरातलं मांजरसुद्धा पुन्हा विचारायला जात नसे.

मास्तरांनी माणसं कामाला लावली. प्रत्येक पॉटवर पांढरी पूड जाड थरानं पसरायची, बाजूच्या झडपा बंद करायच्या, दारं लावून घ्यायची. थोडक्यात, आजाऱ्याला पांघरूण घालायचं. लोक न बोलता फावडी मारू लागले. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. जे नवे होते त्यांना बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट घरोघरी ऐकून पाठ होती.

सव्वादहाला उपकेंद्रातून सविस्तर कळलं. पहाटेपासून डोंगरावर वारा होता. धरणाकडून येणाऱ्या दोन लाइनी एकाच मनोऱ्यांच्या डाव्या-उजव्या अंगांनी येत, एक नंबर आणि दोन नंबर. सत्तेचाळिसाव्या मनोऱ्यावर एक नंबरची तार तुटून लोंबत होती आणि वाऱ्यानं झोके घेत दोन नंबरवर जात होती. दोन नंबर स्वतः धडधाकट होती. लोंबणारी तार आवळून बांधली, माणसं खाली उतरली, की ती चालू करता येणार होती. तारवाल्यांची टोळी वाटेवर होती. त्यांच्या फोरमननं वर चढल्यापासून तासाभराचं काम सांगितलं होतं.

मास्तरांनी मनाशी हिशेब केला, बोटांनी मांडीवर टकटक करून. तासभर चढून जायला, तासभर काम. निभेल.

आकडा उतरत होता. पहिलवान दर पंधरा मिनिटांनी शेवटच्या पॉटवर धरलेली कवची फोडून तापमापकाची लांब नळी रसात बुडवायचा आणि मुठीतल्या छोट्या पडद्यावरचा आकडा दाखवायचा. तो पॉट दाराजवळचा, वाऱ्याच्या तोंडावरचा, म्हणून सगळ्यांत थंड. नऊशे बावन्न. नऊशे सत्तेचाळीस. नऊशे त्रेचाळीस. मास्तर आकडा फळ्यावर लिहायचे आणि मग फोनवर सांगायचे. पलीकडून तोच आकडा परत यायचा, आणि नोंदलं.

सव्वाअकराला तिनं आपणहून जास्तीचं सांगितलं.

"टोळी पावणेअकरालाच वर चढली आहे. चार माणसं. दोन्ही लाइनींचं परमिट फोरमनकडे आहे."

परमिट म्हणजे एक चिठ्ठी होती. ती फोरमनच्या खिशात असेपर्यंत लाइन त्याची. माणसं मोजून खाली घेतली, काम संपलं, असं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगून परमिट परत केलं की मगच उपकेंद्रानं लाइनला हात लावायचा. हा नियम साधा होता आणि तो मोडल्यावर काय होतं हेही साधंच होतं.

"कळलं," मास्तर म्हणाले. "नऊशे अडतीस."

दारं लावल्यामुळे आत अंधारल्यासारखं झालं होतं. पॉटांच्या कवचीतून एरवी दिसणारी लाल फट आता कुठं कुठंच उरली होती. आत रस आकसत होता आणि पोलाद करकरत होतं, कधी इथं, कधी तिथं. लोक काम थांबवून आवाजाच्या दिशेनं बघत आणि पुन्हा फावडं उचलत. एकानं शर्टाच्या बाह्या खाली केल्या. पॉटरूममध्ये बाह्या खाली करणारा माणूस मास्तरांनी बावीस वर्षांनी पाहिला.

अकरा चाळीसला पडदा नऊशे एकतीस दाखवत होता.

यापुढे नऊशे तीस होतं, आणि त्या आकड्याला स्वतःचा एक इतिहास होता. मागच्या वेळी पॉट गोठल्यावर मालकांनी नियम केला होता. आकडा नऊशे तीसच्या खाली गेला की आणीबाणी. मग उपकेंद्राचा निर्णय उपकेंद्राचा राहत नाही, तो कारखान्याच्या प्रमुखाचा होतो. तो लेखी आदेश देईल आणि उपकेंद्रानं तो पाळायचा. बावीस वर्षांत ती वेळ कधी आली नव्हती.

"नऊशे एकतीस," मास्तरांनी सांगितलं.

"नऊशे एकतीस. नोंदलं." मग ती थांबली. "पंचवीस मिनिटं झाली, फोरमनचा वायरलेस बंद आहे. आवाज येत नाही आणि आमचा जात नाही. साहेब इथं आले आहेत."

मागून साहेबांचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. तो माणूस वाईट नव्हता. चार महिन्यांपूर्वी कारखान्याचा प्रमुख होऊन आला होता आणि कामगारांची नावं पाठ करायच्या खटपटीत होता. तो म्हणत होता की तास सांगितला होता त्यांनी, तास होत आला, एव्हाना उतरलेच असतील, वायरलेस बंद पडला म्हणून दोन हजार माणसांची पोटं दगड करायची का. आणि वर असले तरी एक नंबरच्या अंगाला असतील, दोन नंबरशी त्यांचा काय संबंध.

"पुढचा आकडा तीसच्या खाली आला," बाई त्याच आवाजात म्हणाल्या, "तर साहेब लेखी आदेश देणार आहेत. आदेश लिहून झाला आहे. त्यांच्याबरोबर बॉयलरकडचे इंजिनिअर आले आहेत."

"ते कशाला?"

"त्यांनाही लाइनीचं पॅनल चालवता येतं."

मास्तरांनी फोन ठेवला. फोनच्या काळ्या ठोकळ्यावर त्यांच्या बोटांचे पांढरे ठसे उमटले होते. ते त्यांनी रुमालानं पुसले, नीट, चारी बाजूंनी.

पहिलवान समोर उभा होता. तो म्हणाला की आणखी पूड टाकून उपयोग नाही, होती तेवढी टाकली. आठ महिने, तो म्हणाला. त्या आठ महिन्यांत त्याच्या हातांना अशी सवय लागली होती की घरी भाकरी तोडतानाही ते थरथरायचे. आता वय राहिलं नाही, पुन्हा तो हातोडा उचलण्याआधी आपण घरी बसू. मास्तरांनी मान हलवली. ते शेवटच्या पॉटपर्यंत चालत गेले आणि कवचीवर हात धरला, वीतभर अंतरावर. सकाळी इथं असा हात धरला असता तर कातडी सोलली असती.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना पहिलवानानं नळी बुडवली, वाट पाहिली आणि मूठ पुढं केली. पडद्यावर नऊशे सत्तावीस होतं.

मास्तरांनी आकडा वाचला. खडू उचलला नाही. त्यांनी सरळ फोन उचलला.

"उपकेंद्र."

"पॉटरूम. नऊशे एकतीस."

मग ती म्हणाली, "पुन्हा सांगा."

"नऊशे एकतीस. पुडीचा थर जाड केलाय. आकडा थांबलाय."

"नऊशे एकतीस," तिनं शब्द सुटे सुटे करून म्हटलं. "थांबलाय. नोंदलं."

साहेबांचा सुटकेचा मोठा श्वास तारेतून इकडे आला.

मास्तर वळले तेव्हा पहिलवान मान कलती करून, चांगला कान फोनकडे करून उभा होता. तो मास्तरांकडे पाहत होता, मग मुठीतल्या पडद्याकडे, मग पुन्हा मास्तरांकडे. डोंगरावर चार माणसं होती. त्यांची नावं दोघांनाही माहीत नव्हती.

पहिलवानानं पडदा बंद केला. मग तो फळ्याकडे गेला, खडू घेतला आणि मास्तरांच्या वळणदार आकड्यांच्या खाली आपल्या वेड्यावाकड्या हातानं लिहिलं, ९३१. लिहून झाल्यावर तो ते बघत राहिला.

"माझं अक्षर पहिल्यापासून घाण," तो म्हणाला आणि नळी उचलून चालू लागला.

पुढची पंधरा मिनिटं पंधरा मिनिटांसारखी गेली नाहीत. वरचं छत तडतडलं तरी मास्तर दचकत. फावडी मारून थकलेले लोक भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांतल्या एकानं विचारलं की आकडा खरंच थांबलाय का मास्तर. मास्तर त्याला म्हणाले, जा, पाणी पिऊन ये. या माणसाला घरी बसावं लागलं तर त्याला तोंड कसं दाखवायचं, हे त्याच्या पाठीकडे बघताना त्यांच्या मनात आलं असावं, कारण ते बराच वेळ तिकडेच बघत राहिले.

बारा दहा. पडदा नऊशे चोवीस. फोनवर नऊशे एकतीस.

बारा पंचवीस. पडदा नऊशे वीस. रस आता पेजेसारखा दाट झाला होता, नळी बाहेर काढताना पहिलवानाला दोन्ही हात लावावे लागले. फोनवर नऊशे तीस.

"तीस," बाई म्हणाल्या. "खाली नाही?"

प्रश्न बहुधा साहेबांचा होता.

"खाली नाही. बरोबर तीस."

"नोंदलं."

या वेळी फोन ठेवल्यावर मास्तर खाली बसले, उलट्या ठेवलेल्या बादलीवर. आणखी एक आकडा त्यांच्याजवळ उरला नव्हता. पुन्हा तीस सांगितलं तर साहेब स्वतः खाली येऊन पडदा बघतील, आणि ते बरोबरच होईल.

बारा बत्तिसला फोन आपणहून वाजला.

"परमिट परत आलं," ती म्हणाली. आवाज तोच, पण श्वास थोडा वरचा. "फोरमननं घाटातल्या चौकीवरून फोन केला. चार माणसं खाली, मोजून. दोन नंबर चालू करते आहे. आकडा नऊशे तीस धरून सुरुवात तीस टक्के प्रवाहानं, पाच मिनिटांत साठ. मंजूर?"

मास्तर उठून उभे राहिले. नऊशे तीसला तीस टक्के ठीक होतं. पण रस नऊशे तीसला नव्हता. थंड पॉटांत वर जाड कवची धरली होती; तिथं एकदम एवढा प्रवाह घुसला असता तर कवची फुटून आतला रस छतापर्यंत उडाला असता, आणि पॉटांच्या कडेला या क्षणी सत्तर माणसं बसली होती. मंजूर म्हणणं सोपं होतं. मंजूर म्हटलं असतं तर फळ्यावरचे आकडे आयुष्यभर खरे राहिले असते.

"नाही," मास्तर म्हणाले. "दहानं सुरुवात करा. अर्धा तास दहाच ठेवा."

"कारण?"

"खरा आकडा नऊशे अठरा आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पुन्हा सांगा."

"नऊशे अठरा. बारापासून मी सांगितलेले आकडे खोटे होते. मापणाऱ्यानं मला खरे दाखवले होते, फोनवर मी बदलले. तसं नोंदवा."

"नऊशे अठरा," बाई म्हणाल्या. "आधीचे पॉटरूमनं बदललेले. नोंदलं."

मग साहेबांचा आवाज जवळ आला. त्यांनी फोन घेतला होता. "मास्तर," ते म्हणाले.

"माणसं मागं घेतोय, साहेब. दहाच्या वर देऊ नका. जे बोलायचं ते नंतर बोला."

"बाई," साहेब तोंड बाजूला करून म्हणाले, "दहा."

मास्तरांनी सगळ्यांना दारापर्यंत मागं घेतलं. घुमणं परत आलं ते आधी पायांतून, मग छातीतून. पॉट एकेक करून जागे होत होते, आणि काही होत नव्हते. दाराकडच्या शेवटच्या पॉटची कवची तडकली आणि पांढऱ्या ठिणग्यांचा एक फवारा, माणूसभर उंच, बरोबर त्या जागी उडाला जिथं पहिलवान नळी घेऊन उभा राहत असे. दुपारी दोनपर्यंत हिशेब स्पष्ट झाला. त्र्याऐंशी पॉट वाचले, सदतीस गेले. साडेअकरालाच वीज आली असती तर बहुधा सगळे वाचले असते.

मास्तरांना जबाब लिहायला उपकेंद्रात बोलावलं. काचेच्या भिंतीअलीकडे एक बाक होतं, त्यावर बसून ते लिहीत होते. काचेपलीकडे बाई पॅनलसमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांची पाळी संपली होती, पण त्या उठल्या नव्हत्या. साहेब टेबलाशी उभे राहून कुणाला तरी फोनवर सांगत होते की हो, सदतीस, हो, चौकशी होईल, हो, त्या माणसाला उद्यापासून कामावर येऊ देणार नाही.

साडेतीनच्या सुमाराला तारवाल्यांचा फोरमन परमिटची चिठ्ठी द्यायला आला. बुटका, उन्हानं रापलेला माणूस, गुडघ्यापर्यंत लाल मातीनं भरलेला. त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं चिठ्ठी बाईंच्या हातात दिली, सही घेतली, उभ्या उभ्या दोन भांडी पाणी प्यायला आणि मग त्याला बोलावंसं वाटलं. वायरलेसची बॅटरी ऐन वेळी मेली, तो म्हणाला. खाली पळत जाऊन फोन करायचा तर वर दोरी सांभाळायला माणूस कमी. तार काही केल्या आवळेना, वारा ती ओढून नेत होता. शेवटी एका माणसाला पलीकडच्या अंगाला पाठवावं लागलं.

"पलीकडच्या म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"मनोऱ्याच्या दोन नंबरकडच्या हातावर. तारेला पाय लावूनच बसला होता म्हणा ना, दोरी धरून. पावणेबारापासून बसला तो बारा वीसला उतरला." फोरमननं भांडं खाली ठेवलं. "भीतीचं काही नव्हतं. परमिट माझ्या खिशात होतं."

साहेबांच्या समोर टेबलावर सकाळच्या आदेशाचा कागद उपडा पडला होता. ते त्या कागदाकडे बघत राहिले. फोरमन सगळ्यांना नमस्कार करून निघून गेला, त्याच्या बुटांची माती दारापर्यंत सांडत गेली. साहेबांनी कागद सुलटा केला, खिशातून पेन काढलं, खालच्या कोपऱ्यात तारीख घातली, अकरा चाळीस अशी वेळ घातली आणि सही केली. मग तो त्यांनी मास्तरांच्या अर्ध्या लिहिलेल्या जबाबाखाली सरकवला.

"हाही लावा त्याला," ते म्हणाले, आणि बाहेर निघून गेले.

मास्तरांनी जबाब पुरा केला. त्यात त्यांनी मापणाऱ्याचं नाव दोनदा घातलं, दोन्ही वेळा त्याचा काही संबंध नाही असं सांगायला. फाटकावर त्यांनी बिल्ला जमा केला. पहारेकऱ्यानं तो घेताना खाली पाहिलं. बातमी त्यांच्या आधी फाटकापर्यंत पोचली होती, आणि बाहेर उभ्या असलेल्या लोकांपैकी काहींनी मास्तरांना वाट दिली, काहींनी दिली नाही. सदतीस पॉट म्हणजे किती घरं, हे तिथं प्रत्येकाला कळत होतं. एक जण काहीतरी बोलला. मास्तर थांबले, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचं बोलून होईपर्यंत उभे राहिले.

मग मास्तर आणि बाई दोघं वसाहतीच्या रस्त्यानं चालू लागली. एरवी त्यांच्या पाळ्या जुळत नसत. भर दिवसा असं बरोबर घरी जाणं वर्षातून दोन-तीनदाच होई, आणि अशा वेळी ती भाजी काय घ्यायची, गळका नळ कधी दुरुस्त करायचा असलं काहीबाही बोले. आज ती पिशवी छातीशी धरून गप्प चालत होती. रस्ता सरळ होता, दुतर्फा एकसारखी घरं. दोन-तीन दारांत बायका उभ्या होत्या. त्या नेहमीसारख्या हसल्या नाहीत.

वळणाच्या अलीकडे ती बोलली. पुढं बघतच बोलली.

"तुम्ही खरा आकडा सांगितला असता ना, तरी मी लाइन चालू केली नसती. त्यांनी आदेश हातात दिला असता तरी नाही. पॅनलसमोरून उठलेच नसते मी. ओढून काढावं लागलं असतं."

"माहीत होतं," मास्तर म्हणाले.

ती तशीच पुढं चालत राहिली, रागावल्यासारखी, भराभर. आठ-दहा पावलांनी तिचा वेग कमी झाला. मग ती रस्त्याच्या मधोमध उभीच राहिली, मास्तर येऊन पोचेपर्यंत.